लेकरू घेऊन सुपरमार्केटला जाताना: गाडी कुठं आणि कशी लावावी

दाराजवळची जागा मिळावी म्हणून लोक पार्किंगमध्ये तीन-तीन फेऱ्या मारतात. सोबत लहान मूल असलं की ही धडपड आणखी वाढते, आणि बहुतेक वेळा ती चुकीच्या जागेसाठी असते. मूल उतरवायला दुकानाचं दार जवळ असून भागत नाही, गाडीच्या बाजूला मोकळी रुंदी लागते.

हिशेब सोपा आहे. आखलेल्या पार्किंगमध्ये एका कारची चौकट साधारण २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब असते. स्विफ्टची रुंदी आरसे सोडून १.७३५ मीटर. गाडी अगदी मधोमध लावली तरी दोन्ही बाजूंना जेमतेम ३८-३८ सेंटिमीटर उरतात. शेजाऱ्यानंही तशीच लावली तर दोन गाड्यांमध्ये ७६ सेंटिमीटर. मागचं दार पूर्ण उघडायला मात्र मीटरभर जागा हवी. मोठं माणूस तेवढ्या फटीतून आडवं होऊन निघतं, पण झोपलेलं बाळ किंवा पट्टा लावून बसवलेलं दोन वर्षांचं पोर तिथून उचलून काढता येत नाही. वॅगन आर १.६२ मीटरची आहे, तिला थोडी सवलत मिळते. शेजारी इनोव्हा येऊन उभी राहिली की तीही संपली.

ब्रिटनमधल्या सुपरमार्केटांत यासाठीच मुलं-पालकांच्या वेगळ्या रुंद चौकटी आखलेल्या असतात. तिथंही त्या कायद्यानं राखीव नाहीत, जागा खासगी असते आणि नियम दुकानाचा. आपल्याकडे तर अशी चौकट दिसलीच तर ती निव्वळ दुकानदाराची सोय समजावी. व्हीलचेअरचं चित्र असलेली जागा ही वेगळी गोष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाठबळ असलेली ती सोय आहे, आणि ती ३.६ मीटर रुंद ठेवतात कारण त्यात खुर्ची फिरवायला १.२ मीटरची पट्टी धरलेली असते. बाळ कडेवर आहे म्हणून तिथं ‘दोनच मिनिटं’ गाडी लावू नका, आणि तिरप्या रेघांच्या त्या पट्टीत स्कूटर तर नकोच.

जागा निवडताना आधी हे ठरवा की मूल कुठल्या बाजूनं उतरणार. मुलाची सीट मागं डावीकडे असावी, म्हणजे रस्त्याकडेला थांबलात तरी ते रहदारीत उतरत नाही. मग ओळीतली टोकाची चौकट शोधा, भले ती दारापासून पन्नास पावलं लांब असो. ओळीकडे तोंड करून उभं राहिल्यावर जी चौकट डाव्या टोकाला येते तिथं गाडी सरळ आत घाला. उजव्या टोकाची असेल तर रिव्हर्स घेऊन लावा. दोन्ही वेळा मागचं डावं दार मोकळ्या बाजूला येतं. तळघरात खांब बघून घ्या. खांब पुढच्या चाकाशी असेल तर चालतो, मागच्या दाराशी आला तर ती जागा आपल्या कामाची नाही.

टोकाची जागा नसेल आणि गाडीत दुसरं मोठं माणूस असेल, तर चौकटीत शिरायच्या आधीच, मधल्या वाटेत, पार्किंग दिवे लावून मूल आणि ते माणूस उतरवावं. मागच्याला हातानं खूण करा, अर्धा मिनिट कुणीही थांबतं. पण तिथंच पर्स शोधणं, बाटली भरणं, टोपी घालणं चालू झालं की हॉर्न वाजणारच, आणि तेव्हा चूक हॉर्न वाजवणाऱ्याची नसते. एकटे असाल आणि फटच मिळत नसेल तर सिक्युरिटीच्या मामांना सांगा. आपल्या सीमाभागात, बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी समजतंच. कन्नड बोलणारे अण्णा असले तर “कूसु ऐतिरी, स्वल्प जागा बिड्री” (बाळ आहे हो, जरा जागा सोडा) एवढं पुरतं. बहुतेक वेळा ते एखादी ट्रॉलीची रांग सरकवून वाट करून देतात.

बेळगावच्या खडेबाजार, गणपत गल्ली अशा जुन्या बाजारात मूल घेऊन कार नेण्याचा विचारच सोडा. गाडी बाहेर लावून रिक्षानं आत जा.

आता हक्काचा प्रश्न. मुलांसाठी आखलेली जागा असेल तर ती कुणाची? वयावर भांडू नका, एकच कसोटी लावा: मोठ्या माणसानं हात लावल्याशिवाय मूल गाडीतून सुरक्षित उतरू शकतं का? नसेल तर जागा तुमची. नातवाला घेऊन आलेले आजी-आजोबाही त्यात आले. दिवस भरत आलेल्या बाईला ती द्यावी, पाटीवर लिहिलेलं नसलं तरी. दहा वर्षांचा मुलगा स्वतः दार उघडून पळत सुटत असेल तर त्याच्यासाठी ही जागा अडवू नये. मूल घरी आणि मागं रिकामी सीट तेवढी आहे, तर अजिबातच नाही.

दुसऱ्यानं विनाकारण अडवलेली दिसली तर लगेच काचेवर टकटक करू नका. मागच्या सीटवर आई बाळाला पाजत असेल, किंवा मूल बापासोबत आत गेलं असेल. खरंच खात्री असेल तर नंबर सिक्युरिटीला सांगा, स्वतः वाद घालू नका. आणि केए २२ ची (बेळगावची) गाडी आणि एमएच ०९ ची (कोल्हापूरची) गाडी असा वाद तर मुळीच नको. गडहिंग्लज, चंदगडकडची माणसं इथं खरेदीला येतात, गर्दी सगळ्यांचीच असते. उलट तुम्ही त्या जागेत असाल आणि कुणी वाट बघत असेल, तर किती मिनिटं लागतील ते बोटांनी दाखवा. सामान भरून झाल्यावर आत बसून फोन चाळत राहणं हा या जागेचा सगळ्यात नेहमीचा गैरवापर आहे.

शेजारच्या गाडीला दार आपटणं हे भांडणाचं खरं मूळ. मागच्या दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसणारी एक छोटी खिट्टी असते, ती चाइल्ड लॉकची. ती लावली की मूल आतून दार उघडू शकत नाही. बाहेरून उघडताना दाराची कड हातात धरून ठेवा. बेळगावच्या पावसाळी वाऱ्यात अर्धं उघडलेलं दार आपोआपही फटकन जातं.

स्कूटरवाल्यांची अडचण वेगळी, आणि संख्येनं तेच जास्त. मूल पुढं उभं असेल तर थांबल्यावर पहिलं काम चावी बंद करण्याचं. इंजिन चालू असताना उतरताना आधारासाठी पोरं हँडल धरतात, मूठ पिळली जाते आणि गाडी समोरच्या भिंतीवर जाते. चावी बंद झाली की मागचं माणूस उतरेल, मग ते पुढच्या मुलाला डाव्या बाजूनं उतरवेल. बहुतेक स्कूटरचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि उघड्या पोटरीला तो बरोब्बर लागतो. मूल उतरल्याशिवाय मधलं स्टँड लावू नका. एकटे असाल तर साइड स्टँडवर, ब्रेक दाबून धरून उतरवा. जून-जुलैत चिखलात साइड स्टँड रुततं, त्याखाली चपटा दगड किंवा फरशीचा तुकडा सरकवा. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हार्नेस आणि हेल्मेट लागतं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. कारमध्ये चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड.

निघताना क्रम चुकतो तो असा: आधी सामान, आणि मूल मागं उभं. पार्किंगमध्ये रिव्हर्स घेणाऱ्याला मीटरभर उंचीचं मूल आरशात दिसत नाही. म्हणून आधी मूल सीटवर बसवून पट्टा लावा, चावी खिशात ठेवा (आत राहिली आणि दारं लॉक झाली तर काच फोडायची वेळ येते), मग डिकी भरा. ट्रॉली परत ठेवायला लांब जावं लागत असेल तर मामांच्या हाती द्या, पण शेजारच्याच्या बंपरला टेकवून सोडू नका. उतार असला तर ती घरंगळते. मुलाला गाडीत ठेवून ‘एक दुधाची पिशवी राहिली’ म्हणून परत जाणं कधीच नाही. उन्हात बंद गाडीच्या आतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास वाढतं, आणि काच बोटभर उघडी ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. दुसऱ्याच्या गाडीत असं मूल दिसलं तर दुकानात माइकवर गाडीचा नंबर पुकारायला लावा, आणि मूल मलूल दिसत असेल तर वाट न बघता ११२ ला फोन करा. गाडी सुरू करण्याआधी एकदा मागून फिरून या.

दुकानदारांसाठी थोडं. वेगळी जागा करायला नवी जमीन लागत नाही. २.५ मीटरच्या तीन चौकटी मिळून ७.५ मीटर होतात. त्यात २.५ + १.२ + २.५ असं आखलं तर दोन रुंद जागा आणि मध्ये दोघांना वापरता येणारी तिरप्या रेघांची पट्टी निघते. वर १.३ मीटर उरतात, तिथं ट्रॉल्यांची रांग लावा. म्हणजे एका गाडीची जागा जाते, पण ट्रॉल्या इतरत्र भरकटत नाहीत. या जागा दाराशी घेण्यापेक्षा अशा ठिकाणी घ्या की मुलाला घेऊन गाड्यांची वाट ओलांडावी लागणार नाही. पाटीवर बाबागाडीचं चित्र मोठं ठेवा, कन्नड वर, मराठी खाली. नामफलकावर ६० टक्के कन्नडचा कर्नाटकाचा २०२४ चा नियम आहेच, तोच बेत इथं केला की कुणाची कटकट राहत नाही. रंग साधा ऑइलपेंट मारू नका, पहिल्या पावसाळ्यात तो सुटतो आणि ओला असताना घसरतो. रस्त्याच्या रेघांना वापरतात तोच रंग घ्या आणि मे संपायच्या आत मारून घ्या.