कुत्र्यासाठी गादी: माप, फोम आणि कोल्हापूरचा पाऊस

माप कुत्रा गाढ झोपल्यावर घ्या. उभ्या कुत्र्याचं माप कमी भरतं, कारण आडवा झाल्यावर तो पाय ताणून देतो. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत टेप धरा आणि त्यात 20 सेंटिमीटर मिळवा. 90 भरले तर गादी 110 ची. रुंदी कुशीवर असताना पाठीपासून पंजांच्या टोकापर्यंत मोजा. काही कुत्री अंगाचं वेटोळं करून झोपतात, त्यांना काठाची गोल गादी आवडते. पण एप्रिल-मेमध्ये तीही पसरतात, तेव्हा माप पसरलेल्या अंगाचंच धरा.

गादीवाल्याकडून करून घेणार असाल तर फोमची डेन्सिटी, म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोमधलं वजन, सांगून मागा, 32 किंवा 40. लहान कुत्र्याला तीन इंच पुरतो, 25 किलोच्या वर चार इंच हवा. तयार गादी जमिनीवर ठेवून तिच्यावर आपलं कोपर टेका आणि भार द्या. फरशी लागली तर ती गादी नको. भारी कुत्र्यांच्या कोपरावरचे केस जाऊन जाड, काळपट घट्टे पडतात ते कडक फरशीवर रोज लोळल्यानेच. करवानी या सडपातळ शिकारी जातीच्या कुत्र्याच्या हाडांवर मांसचरबी फार कमी, त्यामुळे त्याची गादी निवडताना ही परीक्षा आणखी कसून घ्या. कापसाची गादी स्वस्त पडते खरी, पण तिचे गोळे होतात, मधे खड्डा पडतो आणि ती ओल धरते.

आणि ओल हाच आपल्याकडचा खरा प्रश्न. पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. भिजून आलेला कुत्रा थेट गादीवर चढला की खोळ वरून वाळते, फोम आत ओलाच राहतो. चेन उघडून फोमच्या खालच्या अंगाला तळहात लावा. गार, दमट लागलं, कुबट वास आला किंवा काळे ठिपके दिसले, तर बुरशी धरली आहे. म्हणून फोमला आधी रेक्झिनची खोळ घाला, तिची शिवण खालच्या बाजूला ठेवा आणि वर सुती खोळ चढवा. नुसत्या रेक्झिनवर अंग तापतं, कुत्रा उठून फरशीवर जातो. सुती खोळी दोन शिवा, एक धुण्यात असली तरी दुसरी हाताशी राहते. गादी निवारीच्या सहा इंची बाजेवर ठेवलीत तर खालून वारा खेळतो.

झालर आणि पायपिंग नको म्हणा. गोचीड कुत्र्यावरून उतरून अशाच घड्यांत लपते, अंडीही तिथेच घालते. खोळ आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा आणि शिवणी बोटांनी उलगडून बघा.

पिल्लाला मात्र दात येऊन चावरेपणा संपेपर्यंत फोम देऊच नका. फोमचा तुकडा गिळला तर आतड्यात अडकतो आणि ऑपरेशनची वेळ येते. तोवर जुन्या लुगड्याची गोधडी चौपदरी घालून द्या. पुढे नवी गादी आणाल तेव्हा तीच गोधडी न धुता वर पसरा; ओळखीचा वास आला की ते आपणहून चढतं.