खो-खोवाल्यानं पियानो कसा ऐकावा

धाराशिव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी खेळ शिकवतो. पोरं पीडी सर म्हणतात. मैदानावर चुन्याच्या रेघा मारताना सरांच्या कानात शोपँ या पोलिश संगीतकाराचा पियानो असतो, ही बातमी फुटल्यापासून स्टाफरूममध्ये दोन प्रश्न ठरलेले. ‘त्यात कळतं काय?’ आणि ‘ऐकायचं झालं तर सुरुवात कुठून करायची?’ पहिल्याचं उत्तर द्यायला मी लायक नाही. मला पेटीसुद्धा वाजवता येत नाही. दुसऱ्याचं मात्र देतो.

सुरुवात एट्यूडपासून करा. एट्यूड म्हणजे सरावाचा धडा. शोपँनं बारा-बाराचे दोन संच छापले, ओपस (म्हणजे रचनांचा छापील क्रमांक) 10 हा 1833 मध्ये आणि ओपस 25 हा 1837 मध्ये. बहुतेक धडे दीड ते चार मिनिटांचे. करोनात मैदानाला कुलूप होतं तेव्हा यातला एक मोबाईलवर समोर आला आणि मी उठून बसलो. आम्ही सकाळी सहाला जे करून घेतो, वळणं, सूर मारणं, पुन्हा वळणं, तेच या माणसानं थेट मैफलीत नेऊन बसवलं होतं!

ओपस 10 मधला दुसरा धडा घ्या. ऐकायच्या आधी उजवा हात टेबलावर ठेवा. अंगठा आणि तर्जनीनं अधूनमधून ठोका द्या, आणि त्याच वेळी उरलेली तीन बोटं एकामागून एक पळवा. जमत नाही ना? अनामिका एकटी उठतच नाही, कारण तिच्या स्नायूंच्या दोऱ्या शेजारच्या बोटांना बांधलेल्या असतात. शोपँनं नेमकी ही तीन कमजोर बोटंच पळायला लावली आणि दणकट दोघांना बाजूच्या कामाला बसवलं. माझ्या हाताखाली डाव्या पायावर वळताना अडखळणाऱ्या मुली आहेत. त्यांच्याकडून मी नेमकं डावंच वळण घोटून घेतो, म्हणून ही खोड मला लगेच ओळखू आली. टेबलावर बोटं आपटून झाली की मग तो तुकडा लावा. ऐकण्यात फरक पडतो.

दुसरी गोष्ट, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात खालचे, जाड स्वर उमटत नाहीत आणि डावा हात गायब होतो. साधे वायरवाले इअरफोन चालतील. डावा हात कशासाठी, तर खो-खो बघायला आलेला नवखा माणूस पळणाऱ्याकडे बघतो. जाणता बघतो बसलेल्या आठ जणींकडे. कोणाची टाच उचललीय, खो कुठं पडणार, हे तिथं आधी दिसतं. पियानोत बसलेली फळी म्हणजे डावा हात, असं धरून चाला. ओपस 10 मधल्या बाराव्या धड्यात तर पळण्याचं बहुतेक काम तोच करतो. एका पोरीला ऐकवला तर म्हणाली, ‘सर, ह्याचा डावा हात नुसता पळलालाय की!’ समीक्षा झाली.

पायाकडंही लक्ष द्या. उजवा पेडल दाबला की तारांवरची दाबणी उचलली जाते आणि बोट काढल्यावरही स्वर रेंगाळतो. कोण कधी पाय उचलतो, यावर वाजवणं स्वच्छ की गढूळ ते ठरतं. एवढं पुरे.

आता खरी गंमत. एकच रचना चार जणांकडून ऐका. आपल्याला निवड चाचणीची सवय असतेच, तीच वही काढा आणि प्रत्येकापुढं एकच ओळ लिहा. यासाठी पोलंडमधल्या वॉर्साची शोपँ पियानो स्पर्धा फार सोयीची. 1927 पासून चालू आहे, पाच वर्षांनी येते (2020 ची करोनामुळं 2021 वर गेली), आणि यूट्यूबवर थेट दिसते. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली जेवणं उरकल्यावरची रात्र. 2025 मध्ये एरिक लू जिंकला. त्या आठवड्यात मी सकाळच्या सरावाला तांबडे डोळे घेऊन जात होतो.

माझी चूक मात्र करू नका. सुरुवातीला मी स्टॉपवॉच लावायचो आणि सगळ्यात वेगवान तोच पहिला, असा निकाल देऊन मोकळा व्हायचो. खोड मोडली ग्लेन गूल्ड या कॅनडाच्या पियानोवाल्यानं. जर्मन संगीतकार बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (एका धूनीची बदलत जाणारी रूपं) त्यानं 1955 मध्ये साधारण 38 मिनिटांत वाजवली आणि 1981 मध्ये साधारण 51 मिनिटांत. दुसऱ्यात काही भाग परत वाजवलेत हे खरं, पण सुरुवातीचा आरिया, म्हणजे मूळ धूनच लावून बघा. तेच स्वर, तीच बोटं, आणि तरी 1981 मध्ये तो प्रत्येक स्वर खाली ठेवण्याआधी थांबतोय. आमच्या जिल्ह्याच्या सारिका काळेनं 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाचं कर्णधारपद केलं, 2020 चा अर्जुन पुरस्कार घेतला. तिचा खेळ बघितलेल्यांना हे थांबणं सांगायला नको. हुलकावणी वेगानं नाही, थांबण्यानं बसते.

प्रत्यक्ष ऐकायचं तर मुंबई गाठावी लागते. एनसीपीए या तिथल्या कलाकेंद्रात तिकीट काढताना रंगमंचाकडं तोंड करून डावीकडची खुर्ची घ्या. वाजवणाऱ्याचे हात तिथूनच दिसतात, उजवीकडून नुसतं झाकण. आणि पहिला भाग संपला की टाळी वाजवू नका, सगळे भाग संपेपर्यंत थांबायचं असतं. मी वाजवली होती. एकट्यानं. मैदानावरची टाळी, ती काय हळू असते?

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन जिंकून संभाजीनगरहून परत येत होतो. आमच्या तिघी विद्यापीठाच्या संघात निवडल्या गेल्या होत्या. एसटीत मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत गाणी, मग सगळ्या झोपल्या. खांबावर खेळणारी तेवढी जागी होती. माझा एक इअरफोन मागून घेतला आणि पुढच्या सीटच्या दांडीवर बोटं आपटत बसली. बराच वेळ.

‘सर, ही अनामिका खोच घेईना.’

‘मग?’

‘मग काय, उद्यापासून हिला उठवायची.’