तौलनिक कायद्यावरचा लेख परत का येतो? या चुका टाळा

तौलनिक कायद्यावरचे, म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या कायद्यांची तुलना करणारे, पुष्कळ लेख नियतकालिकाच्या समीक्षकापर्यंत पोचतच नाहीत. संपादक पहिली चारपाच पाने चाळतो आणि परत पाठवतो. कारण बहुधा एकच: लेखात तीन देशांचे कायदे असतात, पण तुलना नसते. पहिला भाग इंग्लंड, दुसरा जर्मनी, तिसरा फ्रान्स आणि शेवटी दोन पानांचा 'तुलनात्मक निष्कर्ष'.

चुकीचे मूळ प्रश्नात असते. 'जर्मन कायद्यातील फ्रस्ट्रेशन' असा विषय घेतला की इंग्लिश पट्टीने जर्मनी मोजणे आले, कारण फ्रस्ट्रेशन (परिस्थिती पालटल्याने करार निष्फळ ठरणे) ही इंग्लिश कायद्याची संज्ञा आहे. प्रश्न कोणत्याही एका देशाच्या परिभाषेत नको. उदाहरणार्थ: करारानंतर परिस्थिती पालटून तो पाळणे एका पक्षाला कमालीचे महाग पडू लागले, तर तोटा कोणी सोसायचा? न्यायाधीश अटी बदलू शकतो का? आता उत्तरे शेजारीशेजारी ठेवता येतात. जर्मन नागरी संहितेचे कलम 313 आधी अटी जुळवून घ्यायला सांगते. ते शक्य नसेल तरच करार संपवता येतो. फ्रेंच संहितेच्या कलम 1195 मध्ये आधी फेरवाटाघाटीची मागणी, ती चालू असताना करार पाळत राहणे, आणि सगळे फसल्यावर न्यायाधीश. इंग्लिश कायद्यात नुसता खर्च वाढल्याने सुटका नाही. फ्रस्ट्रेशन लागू झालेच तर करार आपोआप संपतो, न्यायालय अटी नव्याने लिहून देत नाही. लेखाचे भागही या प्रश्नांवरूनच पाडा. हेच देश का निवडले, हे प्रस्तावनेत एका परिच्छेदात सांगा. 'ती भाषा येते' हे कारण प्रामाणिक आहे, पण पुरेसे नाही.

दुसरी हमखास चूक म्हणजे शिळा कायदा. फ्रेंच करारकायद्याची सुधारणा 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू झाली आणि कलमांचे क्रमांक बदलले. नुकसानभरपाईचे प्रसिद्ध कलम 1382 आता 1240 आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरावरून लिहिणारा लेखक 1382 च लिहितो आणि फ्रेंच समीक्षकाचा विश्वास तिथेच उडतो. लेजीफ्रान्स या सरकारी संकेतस्थळावर कलमाची तारखेनुसार आवृत्ती दिसते, ती पाहा. जुना खटला असेल तर जुना क्रमांक द्या आणि कंसात नवा.

सारखे दिसणारे शब्दही फसवतात. इंग्लिश 'इक्विटी' हा चॅन्सरी न्यायालयातून घडलेला नियमसमूह आहे. फ्रेंच 'एकिते' म्हणजे ढोबळमानाने न्याय्यता. अशा ठिकाणी मूळ शब्द तसाच ठेवून पहिल्या उल्लेखात अर्थ समजवा. भाषांतर तुमचे असेल तर तळटीपेत तसे नोंदवा.

तळटीपांचा घोळ मात्र शेवटच्या रात्री उघडा पडतो. ऑस्कोला या कायद्याच्या लेखनातील संदर्भ देण्याच्या पद्धतीत त्याच संदर्भाचे पुढचे उल्लेख आधीच्या टीपेच्या क्रमांकाकडे बोट दाखवतात. हे क्रमांक हाताने टाइप केले असतील तर मध्ये एक टीप वाढवली की पुढचे सगळे चुकतात. वर्डमधील क्रॉस-रेफरन्स, म्हणजे टीपेच्या क्रमांकाशी जोडलेला उल्लेख, वापरा. मग हे क्रमांक ताजे करायला मुख्य मजकुरात कंट्रोल-ए (सगळे निवडणे) आणि एफ-नाइन (ताजे करणे) दाबून भागत नाही, कारण त्यात तळटीपा निवडल्या जात नाहीत. कर्सर एखाद्या तळटीपेत नेऊन तेच पुन्हा करावे लागते. शब्दसंख्याही तळटीपा धरून मोजा. वर्डच्या शब्दगणनेच्या चौकटीत त्यासाठी खूण करायची सोय आहे. मर्यादा 10,000 ची, मजकूर 9,200 आणि टीपा 3,100, म्हणजे लेख 12,300 शब्दांचा. टीपा वगळून मोजायची मुभा आहे का, ते नियमांत वाचूनच ठरवा.

परीक्षण निनावी असेल, म्हणजे लेखक कोण हे समीक्षकाला कळू द्यायचे नसेल, तर शीर्षकाखालचे नाव काढून काम संपत नाही. 'मी माझ्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे' हे वाक्य, आभाराची तळटीप, फाइलचे नाव आणि ट्रॅक चेंजेसमधली (वर्डमधील बदलांच्या नोंदींतली) नावे, सगळे ओळख उघड करते. स्वतःचा लेख तिऱ्हाईताचा असल्यासारखा उद्धृत करा आणि पाठवण्याआधी फाइलमधली लपलेली माहिती शोधून काढणारे वर्डचे डॉक्युमेंट इन्स्पेक्टर एकदा चालवा.

एकाच वेळी अनेक ठिकाणी लेख पाठवण्याची रीत अमेरिकेतील विद्यार्थी-संपादित नियतकालिकांत चालते. समीक्षकांकडून परीक्षण करून घेणारी नियतकालिके बहुधा ती चालवून घेत नाहीत. तिथे निर्णय येईपर्यंत थांबा, किंवा दुसरीकडे पाठवण्याआधी लेख लेखी मागे घ्या.