जुनी बंदूक विकताय? दुरुस्तीच्या बाबतीत या चुका टाळा

'बंदूक दुरुस्तीला कंपनीत जाऊन आलेली आहे' हे विकणारा अभिमानाने सांगतो, आणि नेमकं तेच ऐकून विकत घेणारा भाव पाडतो. दोघंही घाई करतात. काय दुरुस्त केलं, कुणी केलं आणि त्याचा कागद कुठे आहे, हे कळल्याशिवाय दुरुस्तीमुळे भाव चढला की उतरला हे सांगताच येत नाही.

आपल्या सातारा जिल्ह्यात जुनी बारा बोअर घेणारे बहुतेक दोन प्रकारचे. पाटण, जावळीकडे रानडुकरांनी जेरीस आणलेला, पीक संरक्षणाचा परवाना असलेला शेतकरी. नाहीतर पेन्शनीत आल्यावर बँकेत गनमनची नोकरी धरणारा फौजी. या दोघांना बंदूक चालती आणि भरवशाची हवी. कारखान्यात स्प्रिंग, फायरिंग पिन बदलून आलेली बंदूक त्यांना उलट बरीच वाटते. हौशी संग्राहकाचं गणित वेगळं. त्याला मूळ अवस्थेतली हवी.

विकण्याआधी चकाकी आणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वडिलांची जुनी विलायती दुनळी कपाटातून निघते, डाग दिसतात, म्हणून कुणाकडून तरी बफ मारून नवा काळा रंग चढवला जातो. बफने नळीच्या कडा गोल होतात, कोरीव काम बुजतं, कंपनीचं नाव आणि चाचणीचे (नळी बाराचा दाब सोसते हे तपासल्याचे) शिक्के पुसट होतात. ऐंशीच्या दशकापासून खासगी आयात बंद असल्याने विलायती मालाला भाव आहे, तो या खुणांच्याच जोरावर. जाणकार माणूस झिजलेला पण मूळ रंग पसंत करतो. शिवाय बंदुकीवरचा क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणं शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे गुन्हा आहे. तेव्हा ब्रास्सो आणि पॉलिश पेपर लांबच ठेवा.

कारखान्यातला नवा रंग त्यातल्या त्यात परवडतो, कारण त्याचा माग राहतो. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर मुठीच्या तळाशी क्रमांकाजवळ चांदणी दिसली, तर ती कंपनीत परत जाऊन आलेली आहे असं समजतात. तिकडे अमेरिकेतही संग्राहक अशा नगाला मूळ रंगाच्या नगाएवढे पैसे देत नाहीत, पण बाजारू पॉलिशपेक्षा जास्तच देतात.

कागद टाकून देणं

कानपूरच्या सरकारी कारखान्यातली .३२ रिव्हॉल्व्हर असो की इशापूरची .३१५ रायफल, कारखान्यातून आलेली पावती परवान्याच्या पुस्तिकेतच ठेवा. 'सर्व्हिसिंग केलं' एवढं तोंडी सांगून भागत नाही. कुठला भाग बदलला ते पावतीवर दिसलं पाहिजे. क्रमांक असलेला भाग बदलला असेल तर परवान्यावर तशी नोंद आहे का, हे आधी बघा. परवान्यावरचा आणि बंदुकीवरचा क्रमांक जुळला नाही, तर व्यवहार तिथेच अडतो.

घेताना वरवर बघणं

बंदूक रिकामी आहे ना, हे स्वतः उघडून बघा. मग नळीखालचा लाकडी भाग काढून ठेवा, बंदूक बंद करा, कुंदा काखेत धरा आणि नळ्या आडव्या हलवून बघा. बारीक 'कट' जरी हाताला लागला, तरी सांधा झिजलाय. तो नीट बसवणं हे कारागिराचं काम आहे, स्वस्तात होत नाही. नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरा. आत उजेडाची वर्तुळं सलग दिसली पाहिजेत. एखादं वर्तुळ मोडलं, तर तिथे पोचा आहे. नळ्या, ॲक्शन (नळ्या जिथे बसून बंद होतात तो मधला लोखंडी भाग) आणि नळीखालचा लाकडी भाग या तिघांवरचे क्रमांक एकच आहेत का, तेही बघा.

जुन्या इंग्लिश दुनळीत चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बहुधा ६५ मिलिमीटरचं असतं, हल्लीची बरीच काडतुसं ७० ची. चेंबर वाढवून घेतलेलं असेल आणि नंतर पुन्हा चाचणी झाल्याचा शिक्का नसेल, तर ती बंदूक भिंतीवरच शोभेल. नळ्या कापून मागच्या भागात नव्या नळ्या बसवल्या असतील, तर ब्रिटिश नियमाने 'स्लीव्ह्ड' असा शिक्का असतो. काम चांगलं असतं, पण मूळ नळ्यांचा भाव मागू नका.

आधी दुरुस्ती, मग विक्री

साध्या भारतीय एकनळीवर कारखान्याचा खर्च करून विकायला काढणं मला तरी पटत नाही. पैसे वसूल होत नाहीत आणि वेळ जातो तो वेगळाच. दोष सांगून, तेवढे पैसे कमी करून द्या. पाठवायचीच असेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत पाठवा. परवान्याची हद्द महाराष्ट्रापुरती असताना स्वतः बंदूक घेऊन कानपूरची गाडी पकडू नका.

आणि विसार घेण्याआधी समोरच्याचा परवाना बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. त्याच्याकडे दोन असतील तर तो तिसरी घेऊ शकत नाही. त्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती द्या, पोच घ्या आणि ४५ दिवस थांबा. तोवर बंदूक तुमच्याच कपाटात कुलपात राहील.