रॅम वाढवून मागण्याआधी: टोमोग्राफीतल्या या चुका टाळा

मायक्रो-सीटीचं (बारीक तपशिलाच्या एक्स-रे स्कॅनचं) रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे एक्स-रे चित्रांवरून वस्तूचं थ्रीडी व्हॉल्यूम बांधणं, रडतखडत चाललं की नव्या मुलांची मागणी ठरलेली: "सर, रॅम वाढवा." आधी बाइट मोजा रे.

सगळ्यात डोकं उठवते ती फ्लोट६४ची (दर आकड्याला ८ बाइट; फ्लोट३२ला ४) चूक. एका विद्यार्थ्याचं १२८ जीबीचं मशीन डेटाचा लॉग (लॉगॅरिदम) काढतानाच गोठायचं, माउससुद्धा हलेना. डेटा २०४८ बाय २०४८ च्या १८०० प्रोजेक्शनांचा (वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या एक्स-रे चित्रांचा), १६ बिटी, म्हणजे जेमतेम १४ जीबी. कोडमध्ये वरवर चूक दिसत नव्हती. चोर सापडला फ्लॅट फील्डच्या (वस्तू न ठेवता घेतलेल्या चित्रांच्या) सरासरीत. पूर्णांकांची सरासरी नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) फ्लोट६४ मध्ये देतं, आणि त्या फ्लॅटने भागलं की अख्खा स्टॅकच फ्लोट६४ होतो. १४ चे झाले ५६. लॉगसाठी नवा ॲरे, आणखी ५६. मूळ डेटा धरून १२६, की मशीन गेलं स्वॅपवर, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्कवर. सरासरीला डीटाइप (आकड्यांचा प्रकार) फ्लोट३२ द्या आणि लॉगला 'आउट' देऊन त्याच ॲरेत लिहा, बास. डिटेक्टरच १६ बिटी आहे; फ्लोट६४ चे जादा अंक कुणासाठी साठवताय?

मेमरी वाचवायच्या नादात डार्क (एक्स-रे बंद असतानाचं चित्र) मात्र अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडे न मावणाऱ्या, १६ बिटातच वजा करू नका. उणे उत्तर थेट ६५ हजारांवर उडतं.

दुसरं दुखणं फाइलचं. पॅरलल बीममध्ये (समांतर एक्स-रेंमध्ये) एका स्लाइसला (व्हॉल्यूमच्या आडव्या छेदाला) प्रत्येक प्रोजेक्शनमधली एकच ओळ लागते. पण एचडीएफ५ (मोठ्या डेटाचा फाइल फॉरमॅट) फाइलचा चंक, म्हणजे एका वेळी वाचला जाणारा तुकडा, बऱ्याचदा असतो अख्खं प्रोजेक्शन, वर जीझिपने दाबलेला. मग एका ओळीसाठी १८०० चंक उलगडा. पुढच्या ओळीला पुन्हा तेच, कारण ८ एमबीचे १८०० चंक डिफॉल्ट कॅशमध्ये मावतच नाहीत. मी एका दमात ६४ ओळी उचलतो, फ्लोट३२ मध्ये ९०० एमबी. ६४च का, तर सवय. कोन बीमला (शंकूसारख्या पसरणाऱ्या एक्स-रेंना) या ओळींच्या पट्ट्याच्या वरखालच्या जादा ओळीही घ्याव्या लागतात.

ॲरे 'डेल' केला तरी मेमरी सुटत नाही? त्या ॲरेचा एखादा तुकडा कोडमध्ये कुठेतरी धरून ठेवलाय, बघा. दर चार ओळींनी गार्बेज कलेक्टर (पायथनचा मेमरी-सफाईवाला) हाकणं हा नुसता अंगारा.

आणि घाई असेल तर आधी २ बाय २ बिनिंग करा (चार पिक्सेलांचा एक), ३२ जीबीचं व्हॉल्यूम ४ वर येतं. सेंटर ऑफ रोटेशन (वस्तू ज्याभोवती फिरते तो अक्ष) तर एका स्लाइसवरही कळतं. तेवढंही न बघता रात्रभर पूर्ण रिझोल्यूशनवर चालवणारे सकाळी दुहेरी कडा घेऊन माझ्याकडे येतात.