प्री-वर्कआउट घेण्याआधी या चुका टाळा

जळगाव-धुळ्याचं सोडा, चोपडा, शिरपूर, शहादा अशा तालुक्याच्या गावीही आता जिम आहेत आणि काउंटरमागे प्री-वर्कआउटच्या, म्हणजे व्यायामाआधी पाण्यात कालवून घ्यायच्या पावडरच्या, रंगीत डब्यांची रांग आहे. "कुठला घेऊ?" असं विचारणारी बहुतेक मुलं विशीच्या आसपासची. काही पोलीस भरतीची तयारी करणारी, काही नुकतीच व्यायामाला लागलेली. हे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

पहिली चूक डबा निवडायच्या आधीच होते. प्री-वर्कआउटमुळे स्नायू वाढतात, असं धरून चालतात. त्यातलं मुख्य काम कॅफीन, म्हणजे चहा-कॉफीतलं उत्तेजक, करतं: थकवा उशिरा जाणवतो, एका सेटमध्ये (न थांबता केलेल्या फेरीत) एखाद-दोन रेप्स, म्हणजे आवर्तनं, जास्त निघतात. स्नायू वाढतो तो हळूहळू वाढवत नेलेल्या वजनावर, झोपेवर आणि प्रथिनांवर. प्रथिनं वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ९६ ग्रॅम. कळण्याची भाकरी आणि भरीत कितीही प्रिय असलं तरी तेवढ्यावर हा आकडा गाठला जात नाही. अंडी, दूध, पनीर, सोयाबीन, डाळी, चिकन यांचा रोजचा हिशोब लागतो. तो जमत नसेल तर डब्याचे पैसे अंड्यांना द्या, हे मी अगदी मनापासून सांगतो.

हिशोब जमतोय आणि तरीही डबा घ्यायचा आहे? मग पुढची बाजू बघू नका, मागची वाचा. एका स्कूपमध्ये (डब्यातल्या मोजचमच्यात) कॅफीन किती मिलिग्रॅम, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. बऱ्याच डब्यांवर 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून पाच-सहा घटकांचं एकत्र वजन दिलेलं असतं, त्यातलं कुठलं किती ते कळतच नाही. असा डबा परत ठेवा. घटकांत 'डीएमएए', 'मिथाइलहेक्सेनअमाइन' किंवा जिरेनियमचा अर्क दिसला तरीही परत ठेवा. या नावांनी लिहिलं जाणारं डीएमएए हे उत्तेजक रक्तदाब वाढवतं, खेळाडूंना त्यावर बंदी आहे. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक डब्यावर असतो, तो त्यांच्याच फॉसकॉस या परवान्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. परदेशी मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि परवाना हवा. कुणी बिलाशिवाय, स्वस्तात आणून दिलेला डबा, माणूस कितीही ओळखीचा असला तरी, नको.

आता कॅफीनचं गणित, कारण बहुतेक तक्रारी इथूनच येतात. व्यायामासाठी अभ्यासांत वापरलेली मात्रा किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम आहे. ६० किलोच्या मुलाला ३च्या हिशोबाने १८० पुरतं. बाजारातल्या पुष्कळ डब्यांत एका स्कूपमध्ये २०० ते ३०० असतं, आणि मुलं पहिल्याच दिवशी भरून स्कूप घेतात, काही तर दीड. निरोगी प्रौढासाठी दिवसाची सुरक्षित मर्यादा साधारण ४०० मिलिग्रॅम मानतात, आणि त्यात सकाळपासूनचे चहाही मोजायचे असतात. म्हणून सुरुवात अर्ध्या स्कूपने करा.

वेळेची चूक मात्रेइतकीच मोठी आहे. शेतातलं किंवा दुकानातलं काम आटोपून संध्याकाळी सात-आठला जिमला येणारे पुष्कळ आहेत. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. सातला घेतलेल्या २०० मिलिग्रॅमपैकी शंभर मध्यरात्रीही रक्तात फिरत असतात. झोप उडते, सकाळी अंग जड, मग दुसऱ्या दिवशी मोठा स्कूप. उशिरा व्यायाम करणाऱ्याने कॅफीन नसलेला डबा घ्यावा किंवा काहीच घेऊ नये. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी एक-दोन केळी खा, आपल्याकडे ती काही शोधावी लागत नाहीत.

"भो, माल भारी शे, तोंडाला मुंग्या येतात!" अशी शिफारस हमखास ऐकू येते. त्या मुंग्या बीटा-अलानिन या डब्यातल्या एका घटकाच्या असतात. निरुपद्रवी आहेत, तासाभरात जातात, पण त्यावरून डब्याची ताकद ठरत नाही. बीटा-अलानिनचा उपयोग रोज ३.२ ते ६.४ ग्रॅम असं काही आठवडे घेतल्यावरच दिसतो. ताकदीसाठी घेतल्या जाणाऱ्या क्रिएटिन या घटकाचंही तेच: रोज ३ ते ५ ग्रॅम, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, वेळ कुठलीही. प्री-वर्कआउटमध्ये ते अनेकदा एक-दोन ग्रॅमच असतं. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट वेगळं घ्या, स्वस्तही पडतं. आणि रक्त तपासायला गेलात तर डॉक्टरांना ते घेत असल्याचं सांगा, कारण क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीतला) आकडा थोडा वर दिसू शकतो.

काही अडचणी वरचेवर येतात. पोट ढवळतं तेव्हा बहुधा पावडर फार कमी पाण्यात कालवलेली असते, किंवा दिवसभर पोटात काहीच नसतं. महिन्याभरात 'किक' लागेनाशी झाली तर स्कूप वाढवू नका, आठवडा-दोन आठवडे बंद ठेवा. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखेल, मग उतरतं. पावसाळ्यात पावडरचा गोळा झाला तर ती ओल धरल्याची खूण आहे. वास, रंग बदललेला नसेल तर फोडून वापरता येते. पाण्याशिवाय कोरडी पावडर तोंडात टाकायचा प्रकार मात्र कधीच करू नका. ती श्वासनलिकेत जाते, आणि सगळं कॅफीन एकदम अंगावर येतं.

आपल्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायलाच हवं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५च्या आसपास जातो आणि कितीतरी जिम पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. कॅफीन थकवा लपवतं, म्हणजे उष्माघाताची पहिली सूचनाही लपते. त्या दिवसांत पहाटेच व्यायाम करा, पाण्यात मीठ-साखर घाला आणि प्री-वर्कआउट बाजूला ठेवा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि १८ वर्षांखालच्या मुलांनी ते घेऊच नये.

यापेक्षा भयंकर गोष्ट म्हणजे मेफेंटरमाइनचं इंजेक्शन. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर डॉक्टर ते वापरतात, आणि जिममध्ये ते 'स्टॅमिना'च्या नावाखाली टोचलं जातं. ते सप्लिमेंट नाही. हृदयाचे ठोके बिघडतात, व्यसन लागतं. भरतीसाठी कुणी सुचवलं तर त्या माणसापासूनच दूर राहा.

काहीही घेतल्यावर छातीत दुखलं, ठोके चुकल्यासारखे झाले किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली तर सेट तिथेच थांबवा, १०८ला फोन करा आणि डबा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना घटक वाचता येतील.