हिवाळ्यात बारा सायकली वर्ध्यात न्यायच्या तर

आमचं गाव सेवाग्रामच्या जरा समोर. तिथं माझं पंक्चरचं दुकान. चार हिवाळ्यांपासून दर रविवारी आम्ही बारा-चौदा जण सायकलीनं वर्ध्यात जातो. दोन शिक्षिका, एक कंपाउंडर, तीन शेतकरी, बाकी कॉलेजातले पोट्टे. आश्रमापासून वर्धा आठेक किलोमीटर, शहरात थोडं फिरायचं आणि परत. वीसच्या वर मी नेत नाही. बाजूच्या गावातले लोक आता असाच क्लब काढताहेत. त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितो.

सगळ्यात आधी शेवटचा माणूस ठरवा. समोर कोण राहील यावर लोक भांडतात, मागं कोण राहील हे कोणी विचारत नाही. पहिल्या हिवाळ्यात आम्ही सहालाच निघायचो आणि मी समोर असायचो. एकदा बजाज चौकात पोचलो, चहा सांगितला, मोजलं तर एक कमी. आश्रम सुटल्यावर थोड्याच अंतरावर आमच्या एका शिक्षिकाबाईंची चेन उतरली होती. अंधारात, दोन कुत्री भुंकत असताना, त्या एकट्याच ती चढवत बसल्या होत्या. वीस मिनिटांनी आल्या. हात काळे. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या दुकानात चेन बसवून मिळते म्हणे."

तेव्हापासून मागं मी. पंप, पाने, सुलेशन म्हणजे ठिगळाचा गोंद, शिटी माझ्याजवळ. समोर सगळ्यात सावकाश चालवणारा, आज आमचा कंपाउंडर, आणि त्याला ओलांडायचं नाही. एक शिटी म्हणजे हळू, दोन म्हणजे सगळ्यांनी थांबा. पोट्टे कुरकुरतात, "काका, हे तं वरातीवानी चाललं." चालू द्या. हाणायचीच असेल तर परतल्यावर पवनारला धाम नदीपर्यंत हाणा, मी अडवत नाही.

निघायची वेळ सात. जानेवारीच्या सुरुवातीला आमच्याकडे सूर्य सातच्या जरा आधी निघतो, त्यामुळे अंधारात रस्ता चाचपावा लागत नाही. पण उजेड झाला म्हणजे काम झालं असं नाही. वर्धा आमच्या पश्चिमेला. जाताना ऊन पाठीवर पडतं, बरं वाटतं. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याच्या मात्र ते थेट डोळ्यात असतं. दुसऱ्या गाडीला मागं टाकायला तो तुमच्या बाजूला आला तर त्याला तुम्ही दिसणारच नाही, असं धरून चाला. येताना उलटं. ऊन तुमच्या डोळ्यात आणि मागून येणाऱ्याच्याही. मागच्या लाल रिफ्लेक्टरचा अशा वेळी काही उपयोग नाही. म्हणून परतीला नऊ वाजू द्यावे, सूर्य वर चढतो. नऊनंतरही रांग एकेरीच. बारा जण असले तर सहा-सहाचे दोन तुकडे करा, मध्ये एक ट्रक मावेल एवढी जागा सोडा. लांबलचक रांग ओलांडता ओलांडता गाडीवाला मध्येच आत घुसतो.

याच दिवसांत कापसाच्या ट्रॉल्या असतात. कापूस दोन्ही बाजूंनी फुगलेला, मागं दिवा नाही, आणि चालवणाऱ्याला मागचं काहीच दिसत नाही. तिच्या डाव्या बाजूनं कधीच घुसू नका, रस्ता कितीही मोकळा दिसो. मागं राहा, कापूस हुंगा. बैलबंडी आली तर बैलांच्या अंगावर घंटी वाजवू नका, तोंडानं आवाज द्या.

कपड्यांचं थोडक्यात. मफलर हवा, पण दोन्ही टोकं स्वेटरच्या आत. लोंबतं टोक चाकात गेलं की माणूस खाली. स्वेटरच्या आत छातीवर कालचा पेपर घाला, वारा लागत नाही. वर्ध्यात पोचलो की तो काढून खिशात. लोकरी हातमोजे मुठीवरून घसरतात, रबराचे ठिपके असलेले घ्या. बोटं गारठली की ब्रेक वेळेवर दाबला जात नाही, आणि दव पडलं असेल तर रबरं आधीच घसरतात. निघाल्यावर पहिल्या शंभर पावलांत दोनदा ब्रेक दाबून बघा.

आता पंक्चर, माझा विषय. या रस्त्याला बाभळीचा काटा ठरलेला. ट्यूब काढली की लोक लगेच ठिगळ लावतात आणि दहा मिनिटांत परत बसतात. आधी टायरच्या आतून फडकं फिरवा, काटा अडकतो तिथं कापड ओढलं जातं. बोट फिरवू नका, मी फिरवलंय. मग पॉलिश पेपरनं घासा, सुलेशन पातळ लावा आणि थांबा. थंडीत ते वाळायला दुप्पट वेळ घेतं. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ बसते. चकाकी गेली, बोटाला चिकटेनासं झालं की ठिगळ दाबायचं. एवढ्यात बाकीच्यांना मी रस्त्यावरून खाली उतरून उभं करतो. आणि हवा शनिवारी दुपारी मारली असेल तर रविवारी पहाटे चाक दाबून बघाच. थंडीनं ती थोडी बसलेली असते.

शहरात चौकात थांबायचं नाही, चौक ओलांडून मग थांबायचं. थांबे दोन. लक्ष्मीनारायण मंदिर, जे जमनालाल बजाजांनी १९२८ साली दलितांसाठी उघडलं, आणि मगनवाडीतलं मगन संग्रहालय, १९३८ चं. तिथं पोट्ट्यांना मी सांगतो की आपण हे अंतर सायकलीनं दमत येतो. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याहून शेगावला पायी आले होते. आमच्या सेवाग्रामचं तेव्हाचं नाव शेगाव. टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जायचं म्हणून पुढं नाव बदललं. मागचा माणूस नसला की असंच होतं, असं मी जोडून देतो, बाई हसतात.

मग तर्री पोहे. तर्री थोडी घ्या, परतीचे आठ किलोमीटर अजून बाकी असतात. एकदा एकानं तीन वाट्या मारल्या आणि अर्ध्या रस्त्यात सायकल ढकलत आला, अर्थात माझ्यासोबत.

गावात पोचल्यावर परत डोकी मोजा. घरी चाक ओल्या फडक्यानं पुसा. काटा रुतलेला दिसला आणि हवा शाबूत असली तर पंप हाताशी असल्याशिवाय तो उपटू नका.